काळ्या नटाची गोष्ट: उभयचर युद्धनौका आणि त्यांचे सुटे भाग

३० ऑक्टोबर १९९०. आखातात युद्धाचे ढग जमले होते. बहरीनमधल्या मनामा बंदरातून 'यूएसएस इवो जिमा' ही अमेरिकी युद्धनौका बाहेर पडत होती. बंदरात मुक्काम असताना तिच्या बॉयलर रूममधला वाफेचा एक वॉल्व्ह गळतो म्हणून दुरुस्त करून घेतला होता. काम रोजचंच होतं. वॉल्व्ह उघडायचा, आतलं झिजलेलं नीट करायचं, झाकण परत बसवायचं, नट-बोल्ट आवळायचे. नौका निघाली, वाफ पूर्ण दाबावर आली आणि ते झाकण उडालं. बॉयलर रूम तापलेल्या वाफेने भरली. दहा खलाशी मेले.

चौकशीत जे निघालं ते मूठभर होतं. झाकण धरून ठेवणारे काही नट पोलादाचे नव्हते, पितळेचे होते. त्यांच्यावर काळा लेप होता, त्यामुळे ते पोलादी नटांसारखेच दिसत होते. माप तेच, आटे तेच, रंग तोच. हातात घेतले तर वेगळे वाटू नयेत इतके सारखे. दिसतं तसं नसतं, असं आपण सहज म्हणतो. इथे ते शब्दशः खरं होतं.

अशा नौकेतली वाफ साधारण ६०० पौंड प्रति चौरस इंच दाबाची असते. गाडीच्या टायरमध्ये आपण तीस-बत्तीस भरतो, म्हणजे हा दाब त्याच्या जवळपास वीसपट. तापमान सुमारे ४५० अंश सेल्सिअस. या उष्णतेत पोलाद टिकून राहतं. पितळ वितळत नाही, पण त्याची ताकद बरीचशी निघून जाते. थंड असताना त्या नटांनी झाकण व्यवस्थित धरलं होतं. वाफ आली आणि त्यांचे आटे सुटले.

एक साधं चुंबक लावलं असतं तरी कळलं असतं, कारण पितळेला चुंबक चिकटत नाही. कानशीने एक ओरखडा काढला असता तर आतला पिवळा रंग दिसला असता. ही घटना मी पहिल्यांदा वाचली तेव्हापासून हे दोन उपाय माझ्या डोक्यातून जात नाहीत, कारण दोन्हींना मिनिटभरही लागलं नसतं.

युद्धनौकांवर लिहिताना आपण क्षेपणास्त्रं मोजतो, विमानं मोजतो, टनभार सांगतो. मला मात्र सुट्या भागांबद्दल लिहायचं आहे. मोठी नौका किती वर्षं आणि किती भरवशाने चालणार, हे तिच्या तोफांपेक्षा तिच्या नट, गॅस्केट, बेअरिंग आणि वॉल्व्हवर जास्त ठरतं. उभयचर युद्धनौकांच्या बाबतीत ते फार स्पष्ट दिसतं.

आधी ही नौका म्हणजे काय ते पाहू. शत्रूच्या किनाऱ्यावर सैनिक उतरवायचे तर बंदर मिळेलच असं नाही. म्हणून समुद्रातूनच माणसं, ट्रक, तोफा किनाऱ्यावर पोचवणारी नौका लागते. इवो जिमा १९६१ मध्ये सेवेत आली. हेलिकॉप्टरमधून सैनिक उतरवण्यासाठी पायापासून बांधलेल्या वर्गातली, म्हणजे एकाच आराखड्यावरच्या नौकांच्या गटातली, ती पहिली. तिच्या वर्गात सात नौका होत्या. (एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ चे तीन अंतराळवीर पॅसिफिकमध्ये सुखरूप उतरले, तेव्हा त्यांना उचलून घेणारी हीच नौका.) तिच्यात एक उणीव होती. हेलिकॉप्टरमधून माणूस जातो, रणगाडा जात नाही.

म्हणून १९७६ पासून 'तारावा' वर्ग आला. वर विमानवाहू नौकेसारखा सपाट डेक आणि मागच्या बाजूला पोटात एक प्रचंड हौद, ज्याला 'वेल डेक' म्हणतात. नौका आपल्या टाक्यांत समुद्राचं पाणी घेते, मागची बाजू खाली बसते, मागचं दार उघडतं, हौदात पाणी शिरतं आणि आत उभ्या असलेल्या छोट्या नौका सामान घेऊन तरंगत बाहेर पडतात. अशा नऊ नौका बांधायचं ठरलं होतं, झाल्या पाच. त्याच आराखड्यातून पुढे 'वास्प' वर्ग जन्मला. १९८९ ते २००९ या वीस वर्षांत आठ नौका, सगळ्या मिसिसिपी राज्यातल्या पास्कागौला इथल्या इंगल्स गोदीत बांधलेल्या. लांबी २५७ मीटर, वजन ४० हजार टनांच्या वर. वेल डेकसाठी ही नौका पंधरा हजार टनांहून जास्त पाणी पोटात घेऊ शकते. हवेच्या गादीवर चालणारी तीन मोठी होव्हरक्राफ्ट मावतात. सहा ऑपरेशन थिएटर आहेत. एक छोटं शहरच म्हणा, आणि शहरात जे जे बिघडतं ते सगळं इथेही बिघडतं: लिफ्ट, पंप, एसी, स्वयंपाकघर, नळ.

या आठांपैकी पहिल्या सात नौका वाफेवर चालणाऱ्या. प्रत्येकीत दोन बॉयलर, दोन टर्बाइन, ७० हजार अश्वशक्ती. बांधल्या तेव्हाही ही पद्धत जुनी होत चालली होती. अमेरिकी नौदलाच्या नव्या विनाशिका आणि क्रूझर तोवर गॅस टर्बाइनवर, म्हणजे विमानाच्या इंजिनाच्या जातीच्या यंत्रावर गेल्या होत्या. अणुशक्तीवरच्या नौका वाफच वापरतात, पण ती अणुभट्टीतून येते. तेल जाळून बॉयलरमध्ये पाणी उकळणाऱ्या नौका एकेक करून निवृत्त झाल्या आणि वास्प वर्ग जवळजवळ एकटा उरला.

नौकांच्या बाबतीत 'वर्ग' या शब्दाचा व्यवहारातला अर्थ इथे येतो. एकाच आराखड्यावर बांधलेल्या नौकांना इंग्रजीतही बहिणी म्हणतात, आपल्याकडेही भगिनी-नौका म्हणतात. या नात्याचा खरा फायदा हा की एकीचा भाग दुसरीला बसतो. प्रशिक्षण एक, नकाशे एक, गोदामात ठेवायचा साठा एक. वर्ग जितका मोठा तितका सुटा भाग स्वस्त, आणि तो बनवणाऱ्याला धंद्यात राहण्याचं कारणही तितकंच पक्कं. आठ हा आकडा यासाठी फार लहान आहे.

कारण बाजार. समजा वाफेच्या एका मोठ्या वॉल्व्हचं ओतीव घर हवंय. ते बनवायला आधी पॅटर्न, म्हणजे त्या आकाराचा नमुना लागतो, मग साचा, मग ओतकाम, मग यंत्रावर कटाई, मग दाबाची चाचणी. कोल्हापूरजवळ शिरोलीच्या फाउंड्रीत ज्याने काम केलंय त्याला सांगायला नको की एक नग ओतणं आणि हजार नग ओतणं यात तयारीचा खर्च जवळपास सारखाच. सात नौका, प्रत्येकीला दहा-बारा वर्षांतून एखादा नग. असं गिऱ्हाईक कोण सांभाळेल? कारखानदार पॅटर्न किती वर्षं जपून ठेवेल? म्हातारा टर्नर निवृत्त झाला की ते काम जाणणारा हातही जातो. मग वीस वर्षांनी नौदल भाग मागतं तेव्हा उत्तर येतं की आम्ही आता हे बनवत नाही, किंवा बनवू, पण दीड-दोन वर्षं लागतील.

यावर कुणीही विचारेल, मग दुसऱ्या एखाद्या कारखान्याकडून तसाच बनवून का घेत नाहीत? घेतात. पण 'तसाच' हा शब्द किती महाग आहे ते इवो जिमाच्या नटांनी दाखवलंय. जास्त दाबाच्या वाफेच्या नळांमध्ये बसणाऱ्या भागाला धातूचा दाखला लागतो. कोणत्या भट्टीतला माल, कोणती चाचणी, कोणता शिक्का. हा कागद भागासोबत शेवटपर्यंत जायला हवा. नवा पुरवठादार आला की त्याचा पहिला नग तपासून मंजूर व्हावा लागतो, मग पुढची ऑर्डर. हे सगळं वेळखाऊ आहे आणि असायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे. बॉयलर रूममध्ये उभ्या असलेल्या माणसाचा जीव त्या कागदाच्या खरेपणावर असतो.

भागाला ओळख देण्याची पद्धतही पाहण्यासारखी आहे. अमेरिका, तिचे मित्रदेश आणि आता आपणही तेरा आकडी साठा-क्रमांक वापरतो. पहिले चार आकडे वस्तूची जात सांगतात: ३११० म्हणजे बेअरिंग, ५३३० म्हणजे पॅकिंग आणि गॅस्केट, ४८२० म्हणजे वॉल्व्ह. पुढचे दोन आकडे कोणत्या देशाने तो क्रमांक दिला ते सांगतात. अमेरिकेचे ०० आणि ०१, ब्रिटनचा ९९, भारताचा ७२. उरलेले सात त्या नेमक्या वस्तूचे. पिनकोडसारखंच, आधी प्रदेश आणि मग गल्ली. पेटीवरचा क्रमांक वाचता येणाऱ्या माणसाला पेटी न उघडता आत गॅस्केट आहे की बेअरिंग हे कळतं.

प्रत्येक नौकेची स्वतःची यादी असते. नौकेवर कोणकोणती यंत्रं बसवली आहेत, प्रत्येकाचे कोणते भाग, आणि त्यातले किती नग जवळ बाळगायचे. नौकेवर जागा मोजकी, म्हणून सगळंच ठेवता येत नाही. जे वरचेवर झिजतं आणि ज्याच्यावाचून नौका अडते ते आधी. बाकीचं किनाऱ्यावरच्या गोदामातून. अमेरिकी नौदलात नौकांच्या भागांचा हा कारभार पेनसिल्व्हेनियातल्या मेकॅनिक्सबर्ग इथून चालतो. नौकेवर काही महत्त्वाचं मोडलं आणि भाग जवळ नसला की तसा बिघाड-अहवाल वर जातो, त्याला 'कॅसरेप' म्हणतात. किती गंभीर, नौका कोणतं काम करू शकत नाही, कोणता भाग हवा, कधी मिळणार, सगळं त्यात.

आणि यादी चुकलेली असली तर? वास्प १९८९ ची, याच वर्गातली नवी 'इवो जिमा' (जुन्या नौकेचंच नाव तिला दिलं, आणि तीही वाफेवरचीच) २००१ ची. बारा वर्षांत पंप बदलले, पॅनेल बदलले, पुरवठादार बदलले. बहिणी सख्ख्या असल्या तरी जुळ्या नसतात. वास्पला बसणारा भाग इवो जिमाला बसेलच असं नाही, आणि दुरुस्तीत एखादं यंत्र बदलून यादीत नोंदच केली नाही तर गोदामातून अगदी बरोबर क्रमांकाचा, पण चुकीचा भाग येतो.

भाग मिळालाच नाही तर शेवटचा मार्ग उरतो, तो आपल्या ओळखीचा आहे. एसटीच्या डेपोत कोपऱ्यात एक गाडी उभी असते. तिचा रेडिएटर गेलेला, मग स्टार्टर गेलेला, हळूहळू सीटही गेलेली. ती दुसऱ्या गाड्यांच्या अंगात फिरत असते. नौदलातही हेच होतं: गोदीत दुरुस्तीला उभी असलेल्या बहिणीचा भाग काढून, मोहिमेवर निघालेल्या बहिणीला लावायचा. खलाशांना रागही येतो आणि दुसरा इलाजही नसतो.

याची किंमत कागदावर दिसते त्याहून जास्त असते. साध्या दुरुस्तीत दोन कामं: जुना भाग काढा, नवा बसवा. इथे कामं वाढतात. बिघडलेला भाग काढा, उभ्या नौकेतला चांगला भाग काढा, तो इकडे बसवा, आणि नवा आला की उभ्या नौकेत तो बसवा. दोन नौकांमध्ये नट-बोल्ट उघडले जातात, गॅस्केट फाटतात, आटे झिजतात, चांगल्या जोडाला उगाच हात लागतो. माणसांचे तास दुप्पट. आणि नवा भाग यायच्या आधीच उभ्या नौकेची निघायची तारीख आली, तर तिला तिसरी बहीण शोधावी लागते.

वर्गातली एखादी नौकाच संपली तर काय होतं, ते २०२० मध्ये दिसलं. १२ जुलैला, रविवारी सकाळी, सॅन दिएगोच्या धक्क्यावर दुरुस्तीसाठी उभ्या असलेल्या 'बोनोम रिचर्ड'ला आग लागली. ती चार दिवस धुमसत होती. साठहून जास्त माणसं जखमी झाली. नौका पुन्हा उभी करायचा खर्च अडीच ते ३.२ अब्ज डॉलरच्या घरात, आणि वर्षं पाच ते सात, असा अंदाज निघाला. नोव्हेंबरअखेर ती मोडीत काढायचं ठरलं. कामाला येतील तेवढे भाग भगिनी-नौकांसाठी काढून घेतले आणि उरलेला सांगाडा ३६ लाख ६० हजार डॉलरला भंगारात गेला. सात वाफेच्या बहिणींपैकी सहा उरल्या. काही भागांचा साठा वाढला हे खरं, पण त्याच वेळी गिऱ्हाईक आणखी लहान झालं.

उरलेल्या सहांपैकी 'बॉक्सर'ची कथा ताजी आहे. बॉयलरच्या भट्टीत हवा ढकलणारे मोठे पंखे असतात, त्यांना फोर्स्ड ड्राफ्ट ब्लोअर म्हणतात. हवा नाही तर ज्वाला नाही, ज्वाला नाही तर वाफ नाही. बॉक्सरच्या या पंख्यांच्या दुरुस्तीतल्या चुकांची चौकशी झाली, मोहीम लांबली. शेवटी १ एप्रिल २०२४ ला ती निघाली, आणि दहाएक दिवसांतच सुकाणूच्या बिघाडामुळे परत फिरली. गोताखोरांनी धक्क्यावर पाण्याखाली जाऊन काम केलं. जुलैत ती पुन्हा निघू शकली. तिच्यावर जाणारे मरीन सैनिक एवढे दिवस खोळंबले, काही दुसऱ्या नौकांवरून पुढे गेले. त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेचा अहवाल आला: ३२ उभयचर नौकांपैकी १६ वाईट अवस्थेत. कारणांमध्ये सुट्या भागांची टंचाई आणि जुनाट यंत्रं ही दोन्ही होती. कायद्याने मात्र अशा किमान ३१ नौका ठेवणं बंधनकारक आहे. म्हणजे जुन्या नौका निवृत्त करायची सोय नाही आणि चालवायला भाग नाहीत, अशा कात्रीत नौदल सापडलंय.

मला सगळ्यात आशादायक वाटते ती 'बटान'वरची गोष्ट. २०२२ च्या नोव्हेंबरात या नौकेवर धातूचा थ्रीडी प्रिंटर कायमचा बसवला गेला. धातूची तार वितळवत थरावर थर चढवायचा आणि मग त्याच यंत्रावर कटाई करून नेमकं माप आणायचं, असं हे जोडयंत्र. पुढच्या वर्षी एका कॉम्प्रेसरमधली 'स्प्रेयर प्लेट' खराब झाली. हौदाची गोष्ट वर सांगितली ना, नौका टाक्यांत पाणी घेऊन मागची बाजू खाली बसवते. ती पुन्हा वर यायची तर टाक्यांतलं पाणी हवेच्या जोराने बाहेर ढकलावं लागतं, आणि ती हवा हा कॉम्प्रेसर देतो. तो बंद तर नौकेचं मुख्य कामच अडलं. किनाऱ्यावरच्या अभियंत्यांनी प्लेटचं संगणकी रेखाचित्र केलं, नौकेवरच्या यंत्रकारागिरांनी ती स्टेनलेस स्टीलमध्ये छापली, तासून घेतली आणि बसवली. सगळं मिळून पाच दिवसांत.

यातली मर्यादाही सांगायला हवी. ही प्लेट बनवता आली कारण तिच्यावर ६०० पौंडांच्या वाफेचा भार नाही. बॉयलरच्या वॉल्व्हचा नट उद्या तिथे छापून बसवतील असं नाही. तिथे अजून तो कागद, ती चाचणी, तो शिक्का हवाच. पण सुट्या भागांची बरीच मोठी यादी बिनवाफेच्या वस्तूंची असते, आणि तिथे हे यंत्र नौकेचे महिने वाचवू शकतं.

वर्गातली आठवी, 'मॅकिन आयलंड', वेगळ्याच वाटेने गेली. तिच्यात बॉयलर नाहीत. गॅस टर्बाइन आहेत आणि हळू चालण्यासाठी विजेच्या मोटरी. २००९ मध्ये ती पास्कागौलाहून दक्षिण अमेरिकेला वळसा घालून सॅन दिएगोला गेली, तेवढ्या प्रवासातच वीस लाख डॉलरहून जास्त इंधन वाचलं. पुढच्या 'अमेरिका' वर्गाने हीच यंत्ररचना उचलली. त्यामुळे गंमत अशी की मॅकिन आयलंड नावाने वास्पची बहीण, पण इंजिनाचे भाग हवे असले की तिला दुसऱ्या वर्गाकडे पाहावं लागतं.

आणि या सगळ्याचा एक धागा आपल्या नौदलापर्यंत येतो. 'आयएनएस जलाश्व' ही मुळात 'यूएसएस ट्रेंटन', बारा नौकांच्या 'ऑस्टिन' वर्गातली, १९७१ साली सेवेत आलेली. १७ जानेवारी २००७ ला ती भारताकडे आली आणि त्याच वर्षी विशाखापट्टणममध्ये दाखल झाली. वास्पपेक्षा बरीच लहान, सुमारे १७ हजार टनांची, पण तत्त्व तेच: मागचा हौद, वर हेलिकॉप्टर डेक, आत दोन बॉयलर आणि वाफेचे टर्बाइन. खरेदीवर टीकाही झाली. २००८ मध्ये महालेखापरीक्षकांनी नौकेची अवस्था नीट न तपासता ती घेतल्याबद्दल आणि अमेरिकेने घातलेल्या अटींबद्दल आक्षेप घेतले. ते आक्षेप गंभीर होते, आणि ज्याने वर सुट्या भागांचं गणित वाचलंय त्याला ते का घेतले हे समजेल. ३६ वर्षांची वाफेवरची नौका घेणं म्हणजे तिच्या भागांची जबाबदारीही घेणं.

तरी तिने काम केलं. १० मे २०२० ला, टाळेबंदीच्या काळात, मालदीवमधल्या मालेहून ६९८ भारतीयांना घेऊन ती कोचीला पोचली. त्या दिवशीही तिच्या पोटात कुणीतरी बॉयलरसमोर घाम गाळत उभं होतं. आपल्या नौदलाचे अभियंते आणि यंत्रकारागीर लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीमध्ये घडतात, १९४५ पासून. वाफ कशी तयार करायची, दाब कसा सांभाळायचा, वॉल्व्ह कोणत्या क्रमाने उघडायचा हे तिथे शिकून गेलेल्यांच्या हातावर जलाश्व चालते.

ऑस्टिन वर्गातली अमेरिकेच्या सेवेतली शेवटची नौका 'पॉन्स' ऑक्टोबर २०१७ मध्ये निवृत्त झाली. त्याआधीच निवृत्त झालेल्या 'डेन्व्हर' २०२२ मध्ये आणि 'डब्यूक' २०२४ मध्ये पॅसिफिकमधल्या सरावात लक्ष्य म्हणून बुडवल्या गेल्या. जलाश्वला आता भाग उसना द्यायला सेवेत असलेली एकही बहीण उरलेली नाही. जे लागेल ते साठ्यातून काढायचं, नाहीतर नव्याने बनवून, दाखल्यासकट, बसवायचं.